एडी मिचेलची एक संध्याकाळ गावात कशी लावायची

पहिलं म्हणजे तारीख. जुलैअखेर धरा. तेव्हा लावणी उरकलेली असते, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात, दशावताराचे पेटारे मे महिन्यातच बंद झालेले, आणि गणपतीच्या साफसफाईला, रंगाला लोकांनी अजून हात घातलेला नसतो. त्या पंधरा-वीस दिवसांत संध्याकाळी सहानंतर माणूस मोकळा सापडतो, एरवी आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला तुम्ही कुणाला एका फ्रेंच गायकासाठी दीड तास बस म्हणून सांगून बघाच. पाऊस असणारच, त्यामुळे पत्र्याचा हॉल घेऊ नका, कौलारू घ्या. पत्र्यावर सर आली की गाणं सोडा, शेजारच्याची शिंक ऐकू येत नाही.

आता एडी मिचेलच का, तर मी अकरा वर्षं शिपवर होतो, गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात. तिथे फ्रान्समधल्या मार्सेचा एक कुक होता, तो मासे साफ करताना रोज एकाच माणसाची गाणी लावायचा. मी विचारलं हा कोण रे, तर म्हणाला नट आहे. म्हटलं अरे गातोय की हा. तर म्हणतो, हां, गातो पण. हे "गातो पण" माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. आपल्याकडे संगीत नाटकात नट गायचेच, त्यात कुणाला नवल वाटायचं नाही, पण रॉक अँड रोलवाला पोरगा म्हातारपणापर्यंत गातोही आणि नट म्हणून मोठं बक्षीसही घेतो हे मला तरी नवीन होतं. गावी परत आल्यावर वाटलं लोकांना ऐकवावं. दोनदा लावला कार्यक्रम, एकदा सपशेल पडला, एकदा चालला, त्या दोन्हींवरून सांगतोय.

सुरुवातीला लोकांना एवढंच सांगा की ह्याचं खरं नाव क्लोद म्वान, जन्म ३ जुलै १९४२, पॅरिस, पोरसवदा असताना क्रेडी लिओने नावाच्या बँकेत नोकरीला होता आणि सिनेमाचा वेडा होता. एडी हे नाव सिनेमातूनच उचललेलं, एडी कॉन्स्टन्टीन म्हणून मूळचा अमेरिकन नट तेव्हा फ्रेंच सिनेमात मारामाऱ्या करायचा त्याच्यावरून, आणि मिचेल का तर अमेरिकन वाटतं म्हणून. बस. "फ्रान्सचा एल्विस" वगैरे अजिबात म्हणू नका. एक तर ते बिरूद लोक जॉनी हॅलिडेला लावतात, जो ह्याचा जिगरी दोस्त, आणि दुसरं म्हणजे एल्विस म्हटलं की लोक कंबर हलवायची वाट बघत बसतात आणि हा माणूस तसा नाही. हा उंच, सरळ उभा राहून गाणारा. ह्याच्याकडे बघायचं ते सिनेमाच्या पहिल्या रांगेतला पोरगा चुकून स्टेजवर चढला आणि मग उतरलाच नाही असं. हे एकदा तुमच्या डोक्यात पक्कं झालं की कार्यक्रमाचा क्रम आपोआप लागतो.

पहिल्या वेळी मी तो क्रमच चुकलो. १९६१ पासून सुरू केलं, वर्षावार, गाण्यामागून गाणं, हातात वही. वीस मिनिटांत मागच्या दोन रांगा "जरा बिडी ओढून येतो" म्हणून गेल्या त्या थेट घरी. चूक माझीच, जुनी रॉक अँड रोल गाणी दोन-दोन मिनिटांची, सगळी एका ठेक्यात, भाषा कळत नाही, लोक धरून बसणार कशाला?

दुसऱ्या वेळी मी दशावताराचा साचा घेतला आणि तुम्हीही तोच घ्या. आधी आडदशावतार, संकासुराचा धुमाकूळ, थोडक्यात, हसतखेळत, आणि मग खरं आख्यान. तर रॉक अँड रोल हा ह्याचा आडदशावतार. पंधरा मिनिटं, तीन गाणी, वर एक नाही.

त्या पंधरा मिनिटांत काय सांगायचं ते सांगतो. पॅरिसमध्ये गोल्फ द्रुओ नावाचं ठिकाण होतं, आत मिनी गोल्फ आणि ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र, तिथे पन्नासच्या दशकाच्या शेवटाला ही सगळी पोरं पडीक असायची, हा, हॅलिडे, पुढे नाव काढलेला जाक द्युत्राँ. अमेरिकन रेकॉर्डी ऐकायच्या आणि घरी जाऊन तसंच करून बघायचं. ह्याने चार पोरं गोळा करून बँड काढला, नाव होतं पाच रॉकवाले अशा अर्थाचं. बार्क्ले कंपनीने रेकॉर्ड काढायचं ठरवलं आणि नाव बदलून टाकलं, ले शोसेत न्वार, म्हणजे काळे मोजे, कारण मोजे बनवणाऱ्या एका कंपनीशी जाहिरातीचं जुळवलेलं. हे सांगितलं की हॉलमध्ये हमखास हशा येतो. आपल्याकडे क्रिकेटच्या टीमच्या टीशर्टवर पाठीमागे सिमेंटवाल्याचं नाव असतं, इथे थेट बँडचंच नाव मोजे! आणि ही सगळी विशीच्या आसपासची पोरं, १९६१ साली एकदम तुफान गाजली.

पहिलं गाणं लावा ते "एडी, स्वा बाँ". म्हणजे एडी, शहाण्यासारखा वाग. मूळ चक बेरीचं "जॉनी बी. गुड", त्यावर फ्रेंच शब्द बसवलेले. इथे कुणीतरी शहाणा म्हणणारच की म्हणजे चोरी की हो ही. त्याला संगीत नाटकाचं कुठलंही जुनं पुस्तक दाखवा, प्रत्येक पदाच्या डोक्यावर "चाल" म्हणून छापलेलं असतं, कुठली ठुमरी, कुठली लावणी, कुठलं कानडी पद. चाल दुसऱ्याची आणि शब्द आपले, ह्यात आपल्या लोकांनी सोनं केलेलं आहे, मग त्याने केलं तर बिघडलं कुठे. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर होते ते ह्यावर एकदम खूश झाले आणि पुढची पाच मिनिटं त्यांनीच घेतली, घेऊ द्या, तेवढा वेळ धरूनच चाला.

मग भरभर पुढे. १९६२ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत गेला, बँड विस्कटला, १९६३ पासून एकटा. साठचं दशक संपत आलं तसं फ्रान्समध्ये ह्या सगळ्या रॉकवाल्यांचा भाव उतरला, ह्याचाही उतरला. हा उतार सांगायला विसरू नका, कारण पुढचं सगळं त्यातून आलंय. १९७४ ला हा उठून अमेरिकेत नॅशव्हिलला गेला, कंट्री म्युझिकचं माहेरघर ते, तिथे रेकॉर्ड केली आणि परत वर आला. कंट्री म्हणजे काय हे समजावत बसू नका, "गोष्ट सांगणारं गाणं" म्हणा, पुरे. दुसरं गाणं लावा १९७६ चं "सुर ला रूट द मेम्फिस", मेम्फिसच्या वाटेवर. हेही चालीवर बसवलेलंच, मूळ टॉम टी. हॉलचं. इथे आवाज कसा खाली आलाय बघा, पोरवयातला आरडाओरडा गेला, आता माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं. तिसरं त्याच वर्षीचं "पा द बुगी वुगी", त्यात पाद्री आपल्या मंडळींना ताकीद देतोय की संध्याकाळच्या प्रार्थनेआधी बुगी वुगी करत जाऊ नका. हे गमतीचं आहे, ठेका धरायला लावणारं आहे, पोरं असतील तर नाचतील. नाचू द्या आणि आडदशावतार इथे संपवा.

आता आख्यान. लाईट कमी करा, एक मिनिट कुणीही बोलू नका आणि "ला देर्निएर सेआन्स" लावा. १९७७. आणि महत्त्वाचं म्हणजे अर्थ आधी सांगू नका!

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. पुढच्या रांगेत तात्या बसलेले, वय ऐंशीच्या पुढे, तालुक्याच्या थेटरात आयुष्यभर डोअरकीपर होते, ते थेटर बंद पडून कित्येक वर्षं झाली. गाणं निम्म्यावर आलं, तात्यांनी कानामागचा हात काढला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "ह्येना घर इकल्यान काय रे?"

म्हटलं, "नाय तात्यानू, घर नाय, थेटर."

आणि मग अर्थ सांगितला. सिनेमा संपलाय, लाईट लागलीय, शेजारचा माणूस तान्ह्या पोरासारखा झोपलाय त्याला उठवतो. हा ह्या थेटरातला शेवटचा खेळ. गल्लीतल्या थेटराचं पुढे काय होणार ते त्याला ठाऊक आहे, गॅरेज होईल नाहीतर सुपरमार्केटची बिल्डिंग. त्याला लहानपण आठवतं, मध्यंतर आठवतं. शब्द त्याचे स्वतःचे, चाल पिएर पापादियामान्दिस नावाच्या संगीतकाराची, पुढची कित्येक वर्षं ही जोडी टिकली. तात्या जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "निजलेल्यांका उठवचा काम माझाच होता." मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या शेवटच्या खेळाला सात माणसं होती, त्यातली दोन पासवाली, आणि खेळ सुटल्यावर त्यांनी सवयीने फाडलेली तिकिटं मोजून दोऱ्यात ओवून ठेवली, द्यायची कुणाला हे माहीत नसताना. गाणं मी परत लावलं. ह्या वेळी कुणी बिडी ओढायला उठलं नाही. तुमच्या गावात डोअरकीपर, ऑपरेटर, तंबूच्या टुरिंग टॉकीजवर काम केलेलं असं कुणी जुनं माणूस असेल तर त्याला घरी जाऊन बोलावून आणा, रिक्षा पाठवा, काय वाटेल ते करा, अर्धा कार्यक्रम तोच करतो.

गाणं झालं की लगेच टीव्हीचं सांगा, कारण हे एकाच धाग्यातलं आहे. ह्याच गाण्याचं नाव घेऊन १९ जानेवारी १९८२ ला फ्रान्सच्या सरकारी चॅनेलवर ह्याने कार्यक्रम सुरू केला आणि तो १९९८ पर्यंत चालला. पॅरिसला लागून रोमँव्हिल म्हणून गाव आहे, तिथल्या त्रियानों नावाच्या खऱ्या जुन्या थेटरात शूटिंग व्हायचं. एका रात्रीत दोन जुने अमेरिकन सिनेमे, मध्ये कार्टून, जुन्या बातम्यांची रीळ, जुन्या जाहिराती, टोपली घेऊन आईस्क्रीम विकणारी बाई, आणि एडी खुर्चीत बसून त्या सिनेमाबद्दल गप्पा मारतोय. म्हणजे बघा, ज्याने थेटर मेल्याचं गाणं लिहिलं तोच पुढची सोळा वर्षं टीव्हीवर ते थेटर चालवत होता. फ्रान्समध्ये असे लोक भेटतात की ज्यांना त्याची गाणी फारशी माहीत नाहीत पण ती मंगळवारची रात्र माहीत आहे, आमच्या कुकची बहीण त्यातली.

इथे मध्यंतर करा. आणि मध्यंतरात चहा नको, पुदिन्याचं सरबत द्या, सांगतो का ते. १९८० चं त्याचं प्रचंड गाजलेलं गाणं आहे "कुलर मांत आ लो", पुदिन्याच्या पाण्याचा रंग. फ्रान्समध्ये पुदिन्याचं हिरवंगार सिरप गार पाण्यात घालून पितात, पोरासोरांचं पेय. गाण्यातली मुलगी बारमध्ये ज्यूकबॉक्सला टेकून उभी आहे, नटीसारखी नटलीय, डोळे त्या सरबताच्या रंगाचे, आणि मनातल्या मनात ती हॉलिवूडच्या स्टुडिओत पोचलीय. शेवट गोड नाही. सरबताला सोपी कृती, दोन मुठी पुदिना, वाटीभर साखरेचा पाक, लिंबू, मिक्सरला फिरवून गाळून घ्या आणि पातळ करा, पंधरा-वीस जणांना पुरतं. आमच्याकडे पावसात पुदिना मिळेना म्हणून एका वहिनींनी कोकम सरबत करून आणलं आणि मुलीचे डोळे लालभडक झाले, चाललं. पेला हातात असताना गाणं लावा, पेला तोंडाला लावलेला माणूस उठून जात नाही हा अनुभव आहे.

मध्यंतरानंतर नट. इथे एक धोका आहे, सिनेमे दाखवायचा मोह होतो. पूर्ण सिनेमा असा हॉलमध्ये लावायला परवानगी लागते, शिवाय फ्रेंच बोलणं आणि खाली इंग्रजी सबटायटल, मागच्याला दिसत नाही, पुढच्याला वाचता येत नाही. त्यापेक्षा तोंडाने सांगा, कीर्तनकार आख्यान लावतो तसं. चार सिनेमे निवडा. मी हे निवडले.

"कू द तॉर्शाँ", १९८१, दिग्दर्शक बेरत्राँ ताव्हेर्निए. १९३८ सालचं पश्चिम आफ्रिकेतलं फ्रेंचांच्या ताब्यातलं एक गाव, तिथला सगळ्यांच्या शिव्या खाणारा हवालदार एके दिवशी माणसं मारायला लागतो. तो फिलीप न्वारे. एडीचं काम काय, तर हवालदाराच्या घरात राहणारा आयतोबा नोनो, बायको सांगते माझा भाऊ आहे, आणि तो भाऊ नाही हे गावाला ठाऊक आहे. हे थोडक्यात पण आवाज काढून सांगा, लोकांना अशी घरं लगेच कळतात, मी नाव न घेता सांगितलं तरी दोन ठिकाणी कोपरं मारली गेली. मुद्दा हा की तेव्हा तो नाव झालेला गायक होता, हिरो म्हणून मिरवता आलं असतं, तर त्याने बनियनवरच्या मठ्ठ माणसाचं काम घेतलं आणि त्यात एकही गाणं नाही. मला ह्या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथून.

दुसरा "आ मॉर लार्बित्र", १९८४, झाँ-पिएर मोकीचा. म्हणजे पंचाला मारा. एडी फुटबॉलचा पंच, पेनल्टी देतो, आणि हरलेल्या टीमचे समर्थक रात्रभर त्याचा जीव घ्यायला मागे लागतात, त्यांचा म्होरक्या मिशेल सेरो. हा सांगताना तुम्हाला काही समजवावं लागणार नाही, अंडरआर्मच्या फायनलला ज्याने अंपायरिंग केलंय तो माणूस हॉलमध्ये असतोच.

तिसरा नुसता उल्लेखापुरता, "ला तोताल", १९९१. हेराची गोष्ट, बायकोला वाटतं नवरा साधा नोकरदार. हॉलिवूडवाल्यांनी हा उचलून १९९४ ला श्वार्झनेगरचा "ट्रू लाईज" केला, तो केबलवर आपण सगळ्यांनी बघितलाय, त्यातला हिरोचा तो बडबड्या दोस्त आठवा, मूळ फ्रेंच सिनेमात दोस्ताचं काम एडीचं. जन्मभर अमेरिकेच्या चाली घेतल्या आणि एकदा अमेरिकेने ह्यांची गोष्ट घेतली, फिट्टंफाट.

चौथ्याला मात्र वेळ द्या. "ल बॉनर ए दाँ ल प्रे", १९९५, एतिएन शातिलिए. सुख शेतात आहे असा काहीसा अर्थ. टॉयलेटच्या सीटा बनवणारा कारखानदार, बायको-पोरगी छळतात, टॅक्सवाले छळतात, छातीत कळ येते. टीव्हीवर हरवलेल्या माणसांचा कार्यक्रम असतो, त्यात लांबच्या गावातली एक बाई आपला कित्येक वर्षांपूर्वी गेलेला नवरा शोधत असते आणि फोटोतला तो नवरा हुबेहूब ह्याच्यासारखा. तर हा सरळ जातो, तिचा नवरा बनून राहतो, बदकं पाळतो, सुखात. थोडक्यात तोतया! आपल्या लोकांना भाऊसाहेबांचा तोतया सांगायची गरज नाही, रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटून त्याने अख्ख्या कोकणात धुमाकूळ घातलेला आहे. फरक एवढाच की ह्या तोतयाला बायको जवळ करते. ह्यात कारखानदार मिशेल सेरो आणि त्याचा खादाड, रंगेल, तोंडाने फटकळ पण जिवाला जीव देणारा दोस्त जेरार म्हणजे एडी. ह्याच कामासाठी त्याला १९९६ मध्ये सेझार मिळाला, सहायक अभिनेता म्हणून, फ्रेंच सिनेमातलं सगळ्यात मोठं बक्षीस ते. काळे मोजे ते सेझार, पस्तीस वर्षं.

सिनेमे झाले की एकच गाणं, "इल न राँत्र पा स स्वार", १९७८. आज रात्री तो घरी जाणार नाही. हुद्द्यावरच्या माणसाची नोकरी गेलीय, घरी काय तोंड दाखवायचं म्हणून फिरतोय. हे मुद्दाम इथे ठेवा, नटाबद्दल ऐकून झाल्यावर, कारण आता लोकांना कळतं की हा गाताना पण काम करतोय, घशातून रडत नाही, हिशोब सांगावा तसा सांगतो. आमच्याकडे गिरणीतून आलेले दोघे होते, बोलले काही नाहीत, मी पण विचारलं नाही.

आता सामानाचं. ब्लूटूथ स्पीकर नको, ऐन वेळी कुणाच्या तरी खिशातल्या फोनला जाऊन चिकटतो, आमच्याकडे एडीच्या मध्येच कुणाची तरी डबलबारी सुरू झाली. वायरचा घ्या, भजनी मंडळाकडे असतो. गाणी फोनमध्ये आधी उतरवून ठेवा, पावसात रेंजचा भरवसा धरू नका. लाईट जाणारच हे धरून गाडीची बॅटरी नाहीतर इन्व्हर्टर शेजारी ठेवा, आमची लाईट नेमकी पंचाच्या मागे लोक लागलेले असताना गेली आणि मी ते काळोखातच सांगितलं, उलट बरं झालं. सीडीवरून लावणार असाल तर ती आदल्या दिवशी बघून घ्या, बुरशी आलेली असते. खुर्च्या गोल मांडा, रांगेत मांडल्या की लोकांना भाषण वाटतं.

शेवट कसा करायचा ह्यावर मी बराच घोळ घातलाय. २०१० ला त्याने निरोपाचा दौरा काढला, नावच "माझा शेवटचा खेळ", २०११ ला संपवला, आणि काही वर्षांनी पुन्हा स्टेजवर हजर. ह्यावर हसू नका, आपल्याकडे "शेवटचे पाच प्रयोग" म्हणून जाहिरात आलेलं नाटक पुढची दोन वर्षं चालतंच. २०१४ ला हॅलिडे, द्युत्राँ आणि हा, गोल्फ द्रुओचे तीन टपोरी सत्तरीच्या आसपास एकत्र आले, ले व्हिएय कानाय नावाने, म्हणजे जुने बदमाष. २०१७ च्या उन्हाळ्यात पुन्हा दौरा केला, तेव्हा हॅलिडेला कॅन्सर होता, तरी तो गायला. ५ डिसेंबर २०१७ ला गेला. हे सांगून झाल्यावर लोक जरा जड होतात, तेव्हा मी लाईट लावून "एडी, स्वा बाँ" परत लावलं आणि खुर्च्या घडी करायला घेतल्या. पोरवयातला आवाज आणि खाली खुर्च्यांचा खडखडाट.

तात्या तेवढे बसून होते. म्हटलं तात्यानू, संपला. तर म्हणाले, "ठाऊक आसा. सगळी भायर जाऊंदेत, मगे उठतंय."